घरशाळेतली विज्ञानाची वही: काय लिहायचं आणि कधी

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलांना शाळेतून काढलं. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. प्रयोग जोरात चालतात: सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, लिंबाची बॅटरी, पाण्यावर तरंगणारी सुई. मुलं खूश असतात, पण वही काढली की दोघांची तोंडं उतरतात. मुलगी विचारते, “आई, काय लिहू?” शेवटी आई सांगते आणि मुलगी उतरवून घेते. महिन्याने विचारलं तर ज्वालामुखीचा फेस तेवढा आठवतो. आमचं काय चुकतंय?

ताई, मुलांचं काही चुकत नाहीये आणि तुमची मेहनतही कमी पडत नाहीये. माझ्या मते प्रयोगांची निवड चुकते आहे. ज्वालामुखी 20 सेकंदांत आटपतो. पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असतं आणि झालेलं सगळ्यांनी पाहिलेलंही असतं. मग वहीत लिहायचं काय उरलं? सगळ्यांनी पाहिलेलंच पुन्हा लिहायला लावलं तर मुलांना ती शिक्षा वाटते. वही लागते ती डोक्यात न मावणाऱ्या गोष्टींसाठी. काल सावली कुठे होती, अळी परवा केवढी होती, गेल्या आठवड्यात चंद्र किती वाजता दिसला? हे आठवणीवर सोडलं की दोन भावंडांची दोन उत्तरं येतात, आणि मग मुलं आपणहून म्हणतात, “थांब, लिहून ठेवू.”

म्हणून पहिला सल्ला हा की पुढचे तीन महिने झटपट प्रयोग बाजूला ठेवा आणि वेळ घेणाऱ्या दोनच गोष्टी हाती घ्या. आमच्याकडे पुण्यात 11 वर्षं घरशाळा चालू आहे, लेक आता 17 ची आणि धाकटा 13 चा आहे. आमच्या घरी ज्या दोन-तीन गोष्टींनी वही रुजली, त्याच सांगते.

पहिली सावलीची काठी. लेक 10 वर्षांची असताना नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही गच्चीवर काठी उभी केली. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरली आणि काठी अशी रोवली की फरशीपासून टोकापर्यंत बरोबर 1 मीटर भरेल. ती सरळ उभी आहे का हे बघायला दोऱ्याला लोखंडी नट बांधून ओळंबा केला. सावली सगळ्यांत आखूड केव्हा होते ते शोधायचं होतं. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करायची, एवढंच काम. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, कारण भर माध्यान्हीच्या सुमारास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की 12 वाजून 10 मिनिटांची खूण आणि 25 मिनिटांची खूण यांत फरकच कळेना.

यावर जुना उपाय आहे. आपल्याकडच्या ज्योतिषग्रंथांत या काठीला शंकू म्हणतात. शंकू मध्यभागी ठेवून भोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावली आखूड होत होत तिचं टोक वर्तुळाला शिवतं ती वेळ लिहायची, दुपारी ती पुन्हा लांब होत बाहेर जाताना शिवते ती वेळ लिहायची. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे आपल्या गच्चीची खरी माध्यान्ह. शिवाय वर्तुळावरच्या त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघही मिळते. आम्ही दोरा आणि खडूने 80 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. लेकीच्या वहीत नोंद आहे: सकाळी 11:01, दुपारी 1:37, मध्य 12:19. माध्यान्ह 12 ला नाही हे बघून ती चकितच झाली. मी म्हटलं, “बरोबर, छान!” हे शब्द मला पुढे महागात पडले.

फेब्रुवारीच्या मध्याला तिने तेच पुन्हा केलं. वही चाळताना मला दिसलं की मध्याच्या जागी 12:20 लिहिलंय, पण कागद खरवडलेला आहे. वरच्या दोन वेळा मात्र तशाच होत्या: 11:21 आणि 2:13. त्यांचा मध्य 12:20 येतच नाही, 12:47 येतो. विचारलं तर रडवेली होऊन म्हणाली, “मागच्या वेळी 12:19 बरोबर होतं ना? हे चुकलं असणार.” तिने खोडरबराने खोडला होता तो तिच्या वहीतला सगळ्यांत मोलाचा आकडा होता, आणि तो खोडायला माझं “बरोबर” कारणीभूत होतं.

कारण 12:47 खरंच होतं. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. ती रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पुणे तिच्या पश्चिमेला साधारण साडेआठ अंशांवर, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणून आपली माध्यान्ह सरासरी 12 वाजून 34-35 मिनिटांनी होते. पण ती सरासरी झाली. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे माध्यान्ह वर्षभर पुढेमागे सरकते. पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 12:18 च्या आसपास असते आणि फेब्रुवारीच्या मध्याला 12:49 च्या आसपास. 10 वर्षांच्या मुलीने काठी आणि खडू घेऊन हा अर्ध्या तासाचा फरक पकडला होता, आणि तो चूक समजून पुसून टाकला.

त्या दिवसापासून आमच्या घरात विज्ञानाच्या वहीला खोडरबर लागत नाही. पेनाने लिहायचं. चुकलं असं वाटलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी का वाटलं ते लिहायचं. माध्यान्ह का बदलली, हे मात्र मी तिला लगेच सांगितलं नाही. तिने शेवटच्या पानांवर प्रश्न लिहून ठेवला: “माध्यान्ह सरकते का?” पुढचं वर्षभर, ढग नसतील त्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिने मोजमाप केलं. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडल्यावर लाट दिसली, आणि तेव्हा तिने कारण वाचलं. तोवर तिला ते इतकं हवं झालं होतं की समजावून सांगायची वेळच आली नाही.

याच काठीची एक मेजवानी मे महिन्यात असते. पुण्यात 13 मेच्या सुमारास दुपारी साधारण 12:31 ला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. मुंबईत हा दिवस दोन-तीन दिवस उशिरा येतो आणि नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. मोठ्या माणसांनाही हे सांगून पटत नाही. जुलैअखेरीचा दुसरा शून्य-सावली दिवस ढगांमुळे बहुतेक हुकतोच, म्हणून मेचा चुकवू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या 6 वर्षांच्या मुलासाठी, ती म्हणजे कढीपत्त्यावरची अळी. कुंडीत कढीपत्ता असेल तर कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं अंडं कधी ना कधी दिसतंच. कॉमन मॉर्मन नावाचं काळं फुलपाखरू ते घालतं. ते आपल्या राज्य फुलपाखराच्या, म्हणजे 2015 साली जाहीर झालेल्या ब्लू मॉर्मनच्या, जवळच्या नात्यातलं. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरट. मोठी झाली की हिरवी होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास येतो. आमच्या धाकट्याने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दचकून मागे सरला आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा डिवचायला पुढे. मी त्याला दिवसातून एकदाच, असा नियम घालून दिला, कारण अळीचीही शक्ती त्यात जाते.

त्या वयात त्याला लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा आणि मी शब्दाला शब्द लिहायचे. शब्दाला शब्द म्हणजे अगदी तसंच. त्याने सांगितलं होतं, “आज अळीने कपडे काढले आणि ते खाल्ले.” मी तेवढंच लिहिलं. कात, कात टाकणं हे शब्द त्याला दोन दिवसांनी दिले, आणि ते त्याने लगेच वापरायला घेतले. पहिल्याच दिवशी मी त्याच्या वाक्याचं पुस्तकी वाक्य केलं असतं तर ते वाक्य माझं झालं असतं आणि वहीसुद्धा माझी. चित्र मात्र त्याचं त्यानेच काढायचं. अळीची लांबी दोरा लावून मोजायची, तेवढा दोरा कापून पानावर चिकटवायचा. चौदा-पंधरा दिवसांचे दोरे एकाखाली एक चिकटले की वाढीचा आलेख आपोआप तयार होतो, आणि अक्षरओळख नसलेलं मूलही तो वाचतं.

त्या वर्षी लेकीने आलेखाच्या कागदावर दर संध्याकाळी खाल्लेल्या पानाची बाहेरची रेघ गिरवली आणि चौकोन मोजले. अळी आयुष्यात जेवढं खाते त्यातला बहुतेक वाटा शेवटच्या काही दिवसांत खाते, हे तिला त्या चौकोनांनी सांगितलं.

मग एक दिवस वाईट झालं. पाच कोष होते. तीन घरात अंड्यापासून वाढवलेल्या अळ्यांचे, दोन बाहेरच्या झाडावरून आणलेले. बाहेरच्या दोन्हींना बारीक भोकं पडली आणि आतून मुंगीएवढ्या, गांधीलमाश्यांसारख्या दिसणाऱ्या माश्या बाहेर आल्या. एका कोषातून मुलांनी 40 मोजल्या आणि मग मोजणं सोडलं. धाकटा खूप रडला. मला बरणी उचलून फेकून द्यावीशी वाटली होती, पण लेक वही घेऊन बसली. तिने कोष कुठला, कधी आणला, त्यातून काय निघालं असा तक्ता केला आणि म्हणाली, “आई, घरातल्यांना काही झालं नाही. म्हणजे ह्या बाहेर असतानाच आत शिरल्या असणार.” तसंच असतं. या परजीवी माश्या नुकत्या झालेल्या, अजून मऊ असलेल्या कोषात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतून तो खाऊन मोठी होतात. “कुठून आणला” हा रकाना नसता तर तिला एवढं कळलं नसतं. म्हणून प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा हव्यातच, त्यात मी सूट देत नाही. बाकी सगळ्यात देते.

नोंदींना सलग आकडे द्या असंही सांगेन. मायकल फॅरडे या शास्त्रज्ञाची गोष्ट मुलांना सांगा. तो मुळात लंडनमधला पुस्तकबांधणीवाल्याकडचा शिकाऊ मुलगा. पुढे त्याने आपल्या प्रयोगांच्या रोजनिशीतल्या परिच्छेदांना सलग आकडे घालायला सुरुवात केली आणि ते 16 हजारांच्या वर गेले. आकडा असला की “नोंद 43 बघ” असं लिहिता येतं, जुन्या नोंदीला नवी जोडता येते, आणि मुलांना तो आकडा वाढताना बघायलाही आवडतं.

वही कुठली? महागडी नको. एका बाजूला कोरं पान आणि समोर रेघांचं पान अशी इंटरलीफ वही घ्या. आम्ही अप्पा बळवंत चौकातून एकदम सहा आणतो. कोऱ्या पानावर चित्र, रेघांवर नोंद. पाठीमागची दहा पानं प्रश्नांची. तिथे मुलं विचारतील तो प्रत्येक प्रश्न लिहायचा आणि त्याचं उत्तर तुम्हाला येत असलं तरी त्याच दिवशी द्यायचं नाही. हे सगळ्यांत अवघड जातं, मला अजूनही जातं. आणि शुद्धलेखन तपासायला मराठीची वेगळी वही आहे, ह्या वहीत लाल पेन शिरू देऊ नका.

तुमच्या मुलीला लिहायचा कंटाळा असेलच तर एक लक्षात घ्या, सगळ्या मुलांची वही सारखी नसते. आमच्या धाकट्याला मोठं झाल्यावर चित्रं नकोशी झाली. त्याला आकडे हवे होते, म्हणून आम्ही पर्जन्यमापक केला. शीतपेयाची 2 लिटरची सरळ भिंतीची बाटली कापली आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून तळात खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरलं आणि तिथे शून्याची खूण केली. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली यांची रुंदी सारखी असली पाहिजे, नाहीतर मिलिमीटर खोटे येतात. हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी 8:30 असा धरतं, म्हणून तोही रोज 8:30 लाच वाचतो. एकदा त्याचे 31 मिलिमीटर आले आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेचे 12. तो वैतागला की आपली बाटली बिघडली. मी काहीच बोलले नाही. आठवडाभर त्याने वेगळ्या भागात राहणाऱ्या मावशीला तशीच बाटली लावायला सांगितली आणि रोज फोन करून आकडा घेतला. पाऊस एकाच शहरात सारखा पडत नाही, हे त्याला असं कळलं. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, हेही त्याने गच्चीचं क्षेत्रफळ काढून पडताळलं. गणिताचा तो महिना आम्ही वेगळा घेतला नाही.

स्वयंपाकघरातली रसायनं हाताशीच आहेत, त्यावर लांबवत नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या साबणाच्या पाण्यात लाल होतात, जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी लिंबाने लाल आणि सोड्याने हिरवट होतं. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं हे आमच्या सासूबाईंनी मुलांना सांगितलं, आणि त्या दिवशी शिक्षिका त्याच होत्या. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळायचा, डोळ्यांना फार धोकादायक. विरजणाचा प्रयोग तीन वाट्यांत करा: एक फ्रीजमध्ये, एक ओट्यावर, एक उबदार पाण्यात ठेवलेली. दर तासाला चमचा तिरका करून बघायचं आणि लिहायचं. घरातल्या आजींना धरून घ्यायला चंद्रही चांगला. संकष्टीला दिनदर्शिकेत छापलेली चंद्रोदयाची वेळ आणि आपल्या खिडकीतून चंद्र दिसला ती वेळ यांत फरक का पडतो, हे समोरची इमारत मुलांना शिकवते. पुढचे चार दिवस बघितलं तर चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो हेही हाती लागतं.

खेळणी करायची हौस असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकं फुकट मिळतात. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना त्यांनी झाडूच्या काड्या, रिफिल, आगकाड्या यांतून जे केलं ते पाहिल्यावर महागडे प्रयोगसंच विकत घ्यावेसे वाटत नाहीत. आमचा एक संच कपाटात तसाच पडून आहे.

परीक्षेची काळजी तुम्ही विचारली नाहीत, पण ती असतेच. एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाताही परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी वयाच्या 14 वर्षांपासून देता येते आणि विज्ञानाला प्रात्यक्षिकही असतं. लेकीने ती दिली. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष असा ठरलेला साचा तिला शिकायला आठवडा लागला, कारण निरीक्षण लिहायची सवय आधीच होती. 9 वर्षांच्या मुलीला तो साचा आत्ता नको. निष्कर्षाचा रकाना दिसला की मुलं आधी तोच भरतात आणि मग निरीक्षणं त्याला जुळवून घेतात.

रोज वही होणार नाही. पाहुणे येतील, ताप येतील, तुम्ही स्वतः दमाल. आमच्याकडे एकदा पावणेदोन महिने एकही नोंद नाही. पुन्हा सुरू करताना राहिलेलं भरून काढू नका, त्या दिवसाची तारीख घालून पुढे लिहा. आणि मुलांच्या शेजारी बसून तुमची स्वतःची वहीही लिहा. मी कढीपत्त्याची अळी काढली तेव्हा मुलांनी माझ्या चित्रात पाय मोजले आणि चार कमी आहेत म्हणून सांगितलं. मी पुन्हा जाऊन मोजले. त्यांचं बरोबर होतं.

कढीपत्ता नसेल तर रोपवाटिकेतून लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप आणा, पण त्यावर बहुधा कीटकनाशक मारलेलं असतं. महिनाभर गच्चीवर ठेवून रोज धुवा आणि नवी पालवी फुटू द्या. अंडी त्या नव्या पालवीवरच येतील.